सोसायटीतलं टाकलेलं सामान उचलून विकायचंय? आधी ठेवणार कुठे ते सांगा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. खराडीत साडेचारशे फ्लॅटची सोसायटी, महिना संपला की पार्किंगच्या कोपऱ्यात डब्यांशेजारी खुर्च्या, फॅन, मिक्सर, कपाटं येऊन पडतात, त्यातली दोन टेबलं तुम्ही उचलली, पुसली आणि ३२०० ला विकली, आणि आता आयटीतली नोकरी नाहीतरी डळमळीत आहे तर हेच धरावं का असं डोक्यात आलंय. वर तीन शंका, ही चोरी होते का, नेमकं काय उचलावं, आणि आई म्हणते उकिरडा उपसतोस, लोक काय म्हणतील.

मी हे सोळा वर्षं करतेय. आमच्या ह्यांचं सिंहगड रोडला मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरमध्ये नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं, लोक बंद पडलेले फॅन मिक्सर टाकून जायचे आणि न्यायला यायचेच नाहीत, तो ढीग संपवायला म्हणून मी दुरुस्ती शिकले आणि विकायला लागले, मग ढीग संपला पण हात थांबेना. आता धायरीला एक गाळा आहे, दोन मुलं हाताखाली आहेत. त्यामुळे मी जे सांगणार ते पुण्याचं आहे. इथे अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर राहणारी पोरं आहेत म्हणून एवढं सामान रस्त्यावर येतं. गावाकडे मोडकी खुर्चीसुद्धा माळ्यावर जाते, कचऱ्यात नाही. मुंबईत माल पुष्कळ पण गाळ्याच्या भाड्यातच सगळं जाईल.

तुम्ही विचारलंय काय उचलू. माझ्या मते तुमची खरी अडचण वेगळीच येणार आहे, ती म्हणजे उचललेलं ठेवणार कुठे आणि किती दिवस. पहिल्या वर्षी मी दिसेल ते आणलं, फुकट आहे ना. अकरा खुर्च्या, एक सोफा, दोन ट्रेडमिल (ट्रेडमिल कोणी फुकट दिली तरी पळून जा), लहान मुलांच्या सायकली, बाल्कनी भरली, जिना भरला, शेजारणीशी भांडण झालं, आणि शेवटी छोटा हत्ती करून, वर हमाली देऊन ते सगळं भंगारात टाकायला लागलं. आणायला शून्य रुपये लागले आणि टाकायला चौदाशे. तेव्हापासून गाळ्यातल्या प्रत्येक वस्तूवर खडूने आणल्याची तारीख लिहिते आणि एकवीस दिवसांत गेली नाही तर पडेल त्या भावाला काढते, मग ती मला कितीही आवडो. तुमच्याकडे पार्किंगचा स्लॉट सोडून जागा नसेल तर मोठं फर्निचर आजच डोक्यातून काढा आणि छोट्या विजेच्या वस्तूंकडे वळा, त्या एका रॅकमध्ये पन्नास बसतात.

आता चोरीचं. मी वकील नाही पण ह्यात दोनदा तोंडघशी पडता पडता वाचलेय म्हणून वाचून ठेवलंय. मालकाने खरंच टाकून दिलेली वस्तू उचलली तर चोरी होत नाही, पण मालक कोण ते माहीत आहे किंवा सहज विचारून कळण्यासारखं आहे, तरी गुपचूप ठेवून घेतली तर अपहाराचं कलम लागू शकतं, भारतीय न्याय संहितेत ते ३१४ आहे, जुन्या दंडविधानात ४०३ होतं. रस्त्यावर रुपया सापडला तर काय, असं उदाहरण त्या कलमाखालीच दिलेलं आहे, मालक माहीत नसताना उचलला तर गुन्हा नाही. पण सोसायटीचं पार्किंग म्हणजे रस्ता नाही ना. तिथे पडलेली सायकल कोणाची असू शकते, कोणी शिफ्टिंगला रात्रभर ठेवलेली असू शकते. म्हणून कमिटीला एक साधा मेसेज टाका की डब्यांशेजारी सोडलेलं वापरण्यासारखं सामान मी नेतो, त्यांचं हो आलं की तो मेसेज जपून ठेवा. सायकल आणि मोबाईल मात्र देणाऱ्याने स्वतः हातात दिल्याशिवाय मी घेत नाही, कधीच नाही. चोरीचा माल निघाला तर विकणारी मी दिसते, फेकणारा कोणाला दिसत नाही.

रिडेव्हलपमेंटला गेलेल्या बिल्डिंगचं अजून वेगळं आहे. लोक घर सोडून गेले, दारं खिडक्या कपाटं तशीच, आपल्याला वाटतं बेवारस. एरंडवण्यात एका जुन्या बिल्डिंगमधून मी सागवानी खिडक्या काढायला लागले तर पाडकामवाल्याचा माणूस धावत आला, कारण आतलं सगळं भंगार त्याने बिल्डरकडून आधीच पैसे मोजून घेतलेलं होतं. चूक माझी होती. त्याच्याशी बोलले, चहा झाला, आता दारं त्याच्याकडूनच विकत घेते.

आणि ज्याच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीये तो माझ्या लेखी सगळ्यात मोठा मुद्दा. तुमच्या सोसायटीत कचरा वेचायला कोण येतं? ‘स्वच्छ’ ह्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येत असतील तर सुका कचरा वेगळा करून विकणं हा त्यांच्या कमाईचा भाग आहे, नुसत्या घरटी मिळणाऱ्या पैशावर त्यांचं भागत नाही. पुण्यात १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तेव्हापासून भांडून भांडून ह्या बायकांनी ओळखपत्रं मिळवली, त्याच्यातूनच पुढे ही ‘स्वच्छ’ निघाली. आता तुम्ही आयटीवाले सकाळी सहाला खाली उतरून पितळ, पुठ्ठा, बाटल्या वरच्यावर उचलणार असाल तर तुम्ही कोणाच्या ताटातलं उचलताय ते समजून घ्या. सुका कचरा ठेकेदार नेत असेल तरी त्याच्या हाताखालची माणसं त्यावर दोन पैसे करतच असतात.

माझा नियम असा की डब्याच्या आत हात घालायचा नाही, किलोवर विकला जाणारा माल उचलायचा नाही, आणि ज्या मावशी त्या बिल्डिंगमध्ये येतात त्यांना सांगून ठेवायचं की फॅन, मिक्सर, खुर्ची असं काही दिसलं तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी मला फोन करा, तो किलोवर जे देतो त्याच्या दीडपट मी देईन. म्हणजे फुकटचा माल मी विकत घेते. वेडेपणा वाटेल, पण माझा निम्म्याहून जास्त माल आज अशा सात मावशींकडून येतो, मला पहाटे उठून फिरावं लागत नाही, आणि माल उघड्यावर भिजायच्या आधी हातात येतो. एका मावशींचं तर निदान माझ्यापेक्षा पक्कं आहे, फॅनचं पातं हाताने फिरवून सांगतात, ताई बेअरिंग गेलंय फक्त.

बरं, काय उचलायचं. विजेच्या वस्तूंमध्ये सीलिंग फॅन माझा सगळ्यात लाडका, कारण त्यात बिघडण्यासारखं फार काही नसतंच. हळू फिरतो किंवा हाताने ढकलल्यावरच सुरू होतो, म्हणजे बहुतेक वेळा कंडेन्सर (मोटर फिरायला मदत करणारा छोटा भाग) गेलेला, सहसा अडीच मायक्रोफॅरडचा असतो, जुन्यावर छापलेला आकडा बघून तेवढाच आणायचा, पन्नास साठ रुपये. घरघर करतो म्हणजे बेअरिंग, बऱ्याचशा फॅनला ६२०१ आणि ६२०२ नंबरची जोडी लागते, दीडशे दोनशेत काम होतं. उघडल्यावर जळका वास आणि काळी पडलेली वाइंडिंग दिसली तर मात्र सोडून द्या, रिवाइंडिंगचा खर्च विकून निघत नाही, हे रिवाइंडिंगवाल्याची बायको सांगतेय. सगळं धरून अडीचशे घालून फॅन साडेसहाशेला जातो, आणि एप्रिलमध्ये तर फोटो टाकायचा अवकाश.

मिक्सरची गंमत अशी की कचऱ्यात येणाऱ्या दर चार पाच मिक्सरमागे एखादा मुळात बिघडलेलाच नसतो. जास्त लोड आला की आतला स्विच ट्रिप होतो, बुडाशी एक छोटं लाल बटण असतं ते दाबलं की परत सुरू. इडलीचं घट्ट पीठ वाटताना बंद पडला, जळाला म्हणून फेकला, नवा आणला. बाकीच्यांत भांडं मोटरला जोडणारा कपलर तुटलेला किंवा मोटरमधले कार्बन ब्रश झिजलेले, दोन्ही स्वस्तातली कामं. भांड्याचं पातं घट्ट झालेलं असेल तर मोटरला दोष देऊ नका.

पण उचलून आणलेली वस्तू थेट घरच्या प्लगमध्ये घालू नका, हात जोडून सांगते. आधी सिरीज बोर्ड बनवून घ्या, शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब आणि त्याच्याशी सिरीजमध्ये एक सॉकेट, कोणताही वायरमन दहा मिनिटांत करून देईल. फॅन त्यात लावला आणि बल्ब फुल पेटला तर आत शॉर्ट आहे, मंद पेटला तर वाइंडिंगमध्ये जीव आहे, अजिबात नाही पेटला तर कुठेतरी वायर तुटलीय, आणि ती बऱ्याचदा प्लगच्या तोंडाशीच तुटलेली असते. मिक्सर, इस्त्री, हीटरला हा बल्बचा हिशोब लावू नका, त्यांना तो तसाही जोरात पेटतो. आणि ज्या लाइनवर टेस्टिंग करणार तिला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, हवाच. मायक्रोवेव्ह उघडायचा विचारसुद्धा करू नका, प्लग काढून ठेवला तरी आतला कंडेन्सर जीव घेण्याइतका चार्ज धरून बसू शकतो. जुना डब्बा टीव्ही पण तसाच. केबल जाळून तांबं काढणारे दिसतील, त्यांच्या नादी लागू नका, तो धूर विषारी आणि ई-कचरा असा फोडणं जाळणं बेकायदा.

ऑफिसच्या खुर्च्या आणि स्टडी टेबलं कोविडनंतर अक्षरशः पूर आल्यासारखी यायला लागली, वर्क फ्रॉम होमला घेतलेली, आता ऑफिस सुरू. खुर्ची खाली बसत असेल तर सीट वर धरणारा हायड्रॉलिक दांडा बदलायचा, चाकं मोडली असतील तर पाचाचा सेट बदलायचा, कुशन शाम्पूने घासून दोन दिवस उन्हात. चांगल्या कंपनीची खुर्ची सहाशे रुपये घालून दोन अडीच हजाराला जाते.

लाकडात फसायला फार होतं. वरून सगळं सागवानीच दिसतं कारण वर सनमायका असतो. मागे आणि खाली बघा, जिथे कंपनीने फिनिशिंग केलेलं नसतं. तिथे दाबलेल्या भुशासारखं दिसलं तर पार्टिकल बोर्ड, त्याचे पाय लादी पुसायच्या पाण्याने फुगलेले असतात, आणि एकदा खोलून परत जोडलं की स्क्रू धरत नाही, सोडा ते. प्लायचे थर दिसले तर कडा सुटल्या नाहीत ना बघून घ्या. अख्खं लाकूड असेल तर रेषा वरून कडेवर वळून खाली जाताना दिसते, वजन हाताला कळतं, आणि जुन्या कामात ड्रॉवरच्या कोपऱ्याला खिळे नसतात, लाकडात लाकूड अडकवलेलं असतं. असं काही दिसलं तर पाऊस असो वा रात्र, उचला. ८० नंबरपासून २२० पर्यंत पॉलिश पेपर मारायचा, स्पिरिटमध्ये चपडा (लाख) विरघळवून हात मारायचे, एवढं शिकायला दोन रविवार पुरतात. फक्त घरात न्यायच्या आधी दोन गोष्टी बघा, खाली पिठासारखी बारीक पूड पडतेय का, म्हणजे लाकडात किडा आहे, आणि सांध्यांमध्ये, गादीच्या शिवणीत काळे ठिपके आहेत का, म्हणजे ढेकूण. मी एकदा चेस्टरफिल्ड सोफा बघून हुरळले, टॉर्च मारायचा आळस केला आणि घरी नेला, सोफा बाराशेत गेला आणि पेस्ट कंट्रोलला साडेचार हजार लागले. ह्यांनी आजतागायत तो विषय सोडलेला नाही. कापडाचा सोफा आणि गादी मी तेव्हापासून घेतच नाही.

तांब्या पितळेचं जुनं सामान आता कचऱ्यात क्वचित येतं, पण घर रिकामं करताना पोरं आजीचा बंब, घंगाळ, समई भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकतात, ते त्या पोरांकडूनच थेट विकत घ्या. किलोच्या भावाच्या दुप्पट तिप्पट देणारे कॅफेवाले आणि इंटिरियरवाले भेटतात. त्यावर नाव कोरलेलं असेल तर घासून काढू नका, तेच लोकांना हवं असतं. इंजिनीअरिंगची पुस्तकं मे जूनमध्ये ढिगाने पडतात, अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांचे दुकानदार चालू सिलॅबसची घेतात, बाकीची रद्दी. जुने कपडे बोहारणीचं काम आहे, तिच्याकडेच राहू द्या. पिंपळाखाली, पारावर ठेवलेले देवांचे फोटो, टाक, मूर्ती ह्याला मी हात लावत नाही, फ्रेम सागवानी असली तरी नाही. अंधश्रद्धा म्हणा, पण विकतानाही त्याचं गिऱ्हाईक प्रश्न विचारतं.

काही वस्तू दुरुस्त झाल्या तरी विकू नका. हेल्मेट, प्रेशर कुकर, गॅसची नळी आणि रेग्युलेटर, पाण्यात बुडवायचा हीटर, लहान मुलांची कार सीट. ह्यात बाहेरून धड दिसणारी वस्तू आतून गेलेली असू शकते आणि चारशे रुपयांसाठी कोणाच्या घरात स्फोट झालेला आपल्याला झेपणार नाही. इन्व्हर्टरची बॅटरी फोडू नका, बॅटरीवाला जुन्याचे पैसे देतो, त्याच्याकडेच जाऊ दे.

विकण्याबद्दल फार लिहीत नाही, तुम्हाला ओएलएक्स माझ्यापेक्षा चांगलं कळत असेल. छोट्या वस्तूंना आजूबाजूच्या सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप सगळ्यात चांगले, किरकोळ उरलेलं मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाऊ देते, बुधवार रविवार भरतो, तिथे भाव कमी पण एका सकाळीत रॅक रिकामा होतो. लास्ट प्राइस काय, असं विचारणाऱ्या दहांतला एकच खरंच येतो, आणि तोही घासाघीस करणारच, म्हणून पहिलाच भाव थोडा वर ठेवा. आणि एखादा म्हणाला मी आर्मीत आहे, बघायला येऊ शकत नाही, क्यूआर कोड पाठवतो तो स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील, तर तिथेच ब्लॉक करा. पैसे घ्यायला पिन टाकावाच लागत नाही. वस्तू कुठून आली विचारलं तर मी खरं सांगते, टाकलेली होती, मी दुरुस्त केली, पंधरा दिवसांत बंद पडली तर पैसे परत. पंधरा दिवसांच्या बोलीवर शंभर रुपये जास्त मिळतात, आणि परत येणारा फॅन वर्षाला एखादाच.

नोकरी सोडायचं? नका सोडू. त्या ३२०० मध्ये तुम्ही तुमचा वेळ, घासायचं सामान, गिऱ्हाइकाच्या दहा फोनचा ताप धरलेला नाही, आणि जागा सोसायटीची फुकट वापरलीत. माझा चांगला महिना असला तर मुलांचे पगार आणि गाळ्याचं भाडं जाऊन पस्तीस चाळीस हजार हातात राहतात, पण जुलै ऑगस्टमध्ये निम्मे सुद्धा नाही, पॉलिश वाळत नाही, टेम्पोत माल भिजतो, लोक घर बदलत नाहीत. आणि इथपर्यंत यायला मला सहा वर्षं लागली. तुम्ही सहा महिने फक्त शनिवार रविवार करा, प्रत्येक वस्तूचा खर्च, तास आणि विकायला लागलेले दिवस वहीत लिहा. तासाला दोनशे सुटत असतील तर पुढचं बोलू.

आईंचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. आमच्या सासूबाई पण हेच म्हणायच्या. मग एकदा एका कपाटाच्या खणात कागदाखाली कोणाच्या तरी एफडीच्या पावत्या आणि एक जुनी नथ सापडली, पावतीवरच्या नावावरून वॉचमनकडे चौकशी करत आम्ही दोघी ते परत द्यायला गेलो, त्या घरातल्या आजींनी सासूबाईंची ओटी भरली. तेव्हापासून कुठलंही कपाट आलं की खण उपसून बघायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. तुमच्या आईंना टॉर्च धरायला बोलवून बघा.

आणि हो, ती दोन टेबलं. विकायच्या आधी काढलेले फोटो असतील तर टाका इथे, ड्रॉवरच्या कोपऱ्याचा असेल तर आधी तो. दोन्ही मिळून ३२०० ला गेली म्हणता आणि गिऱ्हाईक अर्ध्या तासात टेम्पो घेऊन हजर झालं म्हणता, त्यावरून मला शंका येतेय की ती सागवानी होती.